दोन सेन्सरचा तापमापक आणि आमचा तपकिरी पडलेला मोदक

मोदक म्हणजे आमचा व्हाइट्स ट्री फ्रॉग जातीचा पाळीव बेडूक. जात मूळची ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीची, अंगाने गुबगुबीत, रंग पोपटी. न्यू जर्सीत आमच्या घरी तो दोन वर्षं आहे. गेल्या नोव्हेंबरात तो जुन्या चिंचेसारखा तपकिरी पडला आणि चार दिवस तसाच राहिला. लेक रडकुंडीला आली. काचपेटीबरोबर मिळालेला काट्याचा तापमापक मात्र 78 फॅरनहाइट दाखवत होता.

मग हा डिजिटल मीटर आणला, 18 डॉलरला. तारेच्या टोकाला दोन सेन्सर. एक दिव्याजवळ लावला, दुसरा मोदक दडून बसतो त्या सालीमागे. रात्रभरातला सर्वांत कमी आकडा तो लक्षात ठेवतो, आणि माझ्या मते सगळी किंमत त्याचीच आहे. सकाळी पाहिलं तर वर 72, सालीमागे 63! जुना काटा झाकणाखालची ऊब मोजत होता.

या बेडकाच्या कातडीत वर पिवळ्या पेशी, मधे निळा प्रकाश परतवणाऱ्या आणि तळाशी काळसर पेशी असतात. निळ्यावर पिवळं पडून हिरवा दिसतो. थंडी, कोरडी हवा किंवा भीती यांमुळे तळाचे काळे कण पसरतात आणि हिरवा झाकोळतो. पेटीच्या बाजूच्या काचेला थर्मोस्टॅटची हीट मॅट लावली, तिसऱ्या दिवशी मोदक पोपटी.

पिवळा थर वेगळाच सांभाळावा लागतो. 1790 मध्ये जॉन व्हाइटने या जातीचं वर्णन केलं, तेव्हा नमुन्याचा पिवळा रंग जतनाच्या द्रवात उतरून बेडूक निळा झाला होता, म्हणून शास्त्रीय नावात 'सेरुलिया', म्हणजे निळा. जिवंत बेडकाला कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं, अन्नातूनच मिळतात, म्हणून मी रातकिड्यांना आधी गाजर खाऊ घालते. ते काही मीटर सांगणार नाही.

तक्रार एकच. सेन्सर काचेला चिकटवायचा रबरी सक्शन कप ओल्या काचेवर टिकत नाही, दोनदा पाण्यात पडला. आता तार वेलीला बांधली आहे. हा मीटर हवेतली आर्द्रताही दाखवतो, पण तो आकडा जरा सावकाश बदलतो.

सालीवर बसला की मोदक आजही तासाभरात तपकिरी होतो. मी आधी रात्रीचा आकडा बघते. 70 च्या वर असेल आणि आदल्या रात्री त्याने नीट खाल्लं असेल, तर त्याला झोपू देते.