सेल्टा आणि भारतीय पासपोर्ट: हो ची मिन्ह सिटीत काही महिने शिकवल्यावर

सेल्टासाठी, म्हणजे केंब्रिजच्या इंग्रजी शिकवण्याच्या सर्टिफिकेटसाठी, लाखाच्या वर पैसे घालावेत, की काही हजारांत मिळणारं १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट पुरेल? ओळखीचे शिक्षक मला हे सतत विचारतात. मी सेल्टा करून गेले काही महिने व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीतल्या एका लँग्वेज सेंटरमध्ये शिकवते आहे, आणि आता छातीठोकपणे सांगते: भारतीय पासपोर्टवर बाहेर इंग्रजी शिकवायचं असेल तर सेल्टाच करा. केंब्रिजचं नाव बघून कुणी नोकरी देईल म्हणून मात्र नव्हे. नावामुळे फार तर अर्ज उघडून वाचला जातो.

खरी किंमत आहे ती सहा तासांच्या शिकवण्याची. कोर्स किमान १२० तासांचा, त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. ट्रेनर नोंदी घेत असतो आणि तास संपला की सगळ्या ग्रुपसमोर त्याची चिरफाड होते. शिवाय चार लेखी असाइनमेंट. चार आठवड्यांच्या पूर्णवेळ कोर्समध्ये झोपेचं खोबरं होतं. नोकरी सांभाळून करायचं असेल तर पार्टटाइम ऑनलाइन बॅच घ्या, सर्टिफिकेट तेच मिळतं.

स्वस्तातल्या कोर्सेसमध्ये हे प्रत्यक्ष शिकवणं बहुधा नसतंच, आणि आपलं सगळं अडतं ते तिथेच. इथल्या एका सेंटरने माझा पासपोर्ट भारतीय आहे हे कळताच फोनवरच नकार दिला. पालकांना गोरा शिक्षक लागतो, असं सरळ सांगितलं. दुसऱ्या सेंटरने डेमो लेसन घेऊ दिला आणि काम झालं. डेमोला उभं राहिलं की पासपोर्ट मागे पडतो, पण उभं राहायची संधी मिळाल्यावर ते वीस-पंचवीस मिनिटं निभावता आली पाहिजेत.

या भेदभावाची मला अजून चीड येते. टेसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्येच त्याविरुद्ध भूमिका घेतली, २००६ मध्ये पुन्हा निवेदन काढलं. तरी ‘नेटिव्ह स्पीकर्स ओन्ली’, म्हणजे फक्त इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, अशा जाहिराती येतच असतात. माझ्या सेंटरमध्येही तेच पुस्तक, तशाच वर्गाला शिकवणाऱ्या ब्रिटिश सहकाऱ्याचा तासाचा दर माझ्यापेक्षा जास्त आहे. काम बहुतेक संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, हेही येण्याआधी धरून चला.

आणि वर्गात आपण कमी पडतो असं मला एकदाही वाटलं नाही. व्हिएतनामी भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘फ’ येत नाही. ‘त’, ‘क’, ‘प’ येतात तेही तोंडातच राहतात. त्यामुळे ‘राइस’, ‘राइट’, ‘राइड’ हे तिन्ही मुलांच्या तोंडून ‘राइ’ असेच ऐकू येतात. नुसतं ‘माझ्यामागून म्हणा’ करून ते सुटत नाही. मी शेवटून सुरुवात करते: आधी सगळ्या वर्गाकडून लांब ‘स्स्स’, मग ‘आइस’, मग ‘राइस’. नंतर तिन्ही शब्द फळ्यावर १, २, ३ असे लिहून एकेक म्हणते आणि मुलं बोटांनी आकडा दाखवतात. कानाला फरक कळला की तोंडात यायला वेळ लागत नाही. मी मराठी माध्यमातली, पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ‘डब्ल्यू’ला फक्त ओठांचा चंबू होतो, हे मलाही कुणीतरी असंच दाखवून शिकवलं होतं. शिकणारा नेमका कुठे अडणार हे मला आधीच दिसतं. सेल्टाच्या लेसन प्लॅनमध्ये संभाव्य अडचणी लिहायचा रकाना असतो, तो भरायला मला कधीच विचार करत बसावं लागलं नाही.

देश निवडताना मात्र आधी कायदा बघा. दक्षिण कोरियाचा भाषा शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू झालेल्या सेपा या भारत-कोरिया व्यापार करारात भारतीयांना शाळेत सहायक शिक्षक होण्याची वाट आहे, पण त्यासाठी शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. व्हिएतनाममध्ये लँग्वेज सेंटरसाठी आपल्याला पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट आणि इंग्रजीच्या सी-१ या प्रगत पातळीचा पुरावा लागतो. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ७ बँड म्हणजे सी-१. नेटिव्ह शिक्षकाला हा भाषेचा पुरावा द्यावा लागत नाही.

कागदपत्रांनी मात्र जीव मेटाकुटीला येतो. पदवीला आधी राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग व्हिएतनामच्या वकिलातीचा शिक्का. सेल्टाचं सर्टिफिकेट ब्रिटनमधून येतं, त्यामुळे त्याचं प्रमाणीकरण तिकडून करून घ्यावं लागलं. हा खर्च कोर्सच्या फीमध्ये कुणी सांगत नाही, तो वेगळा धरा. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटला तिथेच नाही म्हणा. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी तुमचीच होते, त्याचं काही जात नाही. पोलीस क्लिअरन्सही घाईने काढून ठेवू नका. वर्क परमिटच्या अर्जाला ते सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून बाकीचे शिक्के मार्गी लागल्यावरच पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या.