ड्युरेबल की स्टर्डी?
शब्दकोशात दोन्हींपुढे 'मजबूत' सापडते, पण एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही. ड्युरेबलमध्ये काळ मोजलेला असतो. मूळ लॅटिन 'दुरारे', म्हणजे टिकणे. म्हणून उन्हापावसात न उडणारा रंग ड्युरेबल, दोन देशांतली टिकाऊ शांतताही ड्युरेबल, आणि वर्षानुवर्षे चालणारे फ्रिज, वॉशिंग मशीन म्हणजे कन्झ्युमर ड्युरेबल्स. स्टर्डी बांध्याबद्दल बोलतो: जाड पायांचे, न डगमगणारे टेबल, धट्टाकट्टा मुलगा. त्या मुलाला ड्युरेबल म्हटले तर कानाला खटकते. बुटांना मात्र दोन्ही शोभतात. बूट स्टर्डी आहे हे हातात घेताच कळते, ड्युरेबल ठरायला दोन पावसाळे जावे लागतात. शिकवताना मी स्टर्डी आधी घेते, कारण तो मुलांना लगेच दाखवता येतो.