कॅनिंगच्या सीझनमध्ये आयबीएम आय : आधी गेटची पावती, मग कॉस्टिंग

आमचा कारखाना रत्नागिरीजवळ आहे. मुख्य काम आंब्याच्या पल्पचं, जोडीला थोडं कोकम आणि काजू. वर्षातले दहा महिने आमच्या सर्व्हरवर फारसा ताण नसतो. मे महिन्यात मात्र पेटीत न बसणारा, डागी किंवा बारीक हापूस कॅनिंगला येतो आणि तो सगळा एकदमच येतो. दुपारी चारनंतर पावस, गोळप, गणेशगुळे बाजूच्या पिकअप गाड्या काट्याला लागतात आणि रांग रस्त्यावर जाते. क्रेटमधला आंबा तापत असतो, बागायतदार सकाळपासून उपाशी असतो आणि सगळं अडलेलं असतं ते एका पावतीवर. वजन घातलं, एंटर दाबलं की पावती हातात पडली पाहिजे.

गेले सात सीझन ही पावती आयबीएमच्या पॉवर एस ९१४ या सर्व्हरवर निघते. चार कोअरचं छोटं मॉडेल आहे, त्यावर आयबीएम आय ७.४ ही ऑपरेटिंग सिस्टिम. १९८८ साली एएस/४०० नावाने आलेल्या घराण्यातलंच हे यंत्र. ते मी सांभाळते. हिरव्या अक्षरांचा पडदा पाहून नवीन मुलं जुनाट म्हणतात, पण एकाच यंत्रावर माणसासमोरचं काम आणि मागचं काम कसं नांदवायचं, याचा विचार या यंत्रात पहिल्यापासून आहे. लहान कारखान्यासाठी मला तोच सर्वात मोठा गुण वाटतो, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक कामाला, म्हणजे जॉबला, प्राधान्याचा एक आकडा असतो, १ ते ९९. आकडा लहान तितका जॉब पुढे. मूळ मांडणीत, म्हणजे यंत्र येतं त्याच सेटिंगमध्ये, पडद्यावर बसलेल्या माणसाचा जॉब २० वर चालतो, माणूस समोर नसताना मागे चालणारा बॅच जॉब ५० वर आणि प्रिंटरला छपाई पाठवणारा रायटर नावाचा जॉब १५ वर. छपाई सगळ्यांच्या पुढे का, हे मला सुरुवातीला कळत नसे. तिला प्रोसेसर अगदी थोडा लागतो, पण लागतो तेव्हा लगेच लागतो. गेटच्या पडद्याचंही तसंच. एका पावतीचं काम क्षणभराचं, बाकी वेळ तो जॉब माणसाने आकडा टाकायची वाट बघत बसलेला असतो. लॉटवार कॉस्टिंग, म्हणजे प्रत्येक लॉटच्या खर्चाचा हिशेब, मात्र मिळेल तेवढा प्रोसेसर खातं. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर ट्रक वाहून नेणारी रो-रोची मालगाडी बाजूच्या लूप लाइनमध्ये थांबते, मांडवी एक्स्प्रेस पुढे निघून जाते आणि मालगाडी पुन्हा हलते, तसा हा प्रकार आहे. मालगाडी पोचतेच, फक्त कोणाला खोळंबून ठेवत नाही.

हे सगळं मूळ मांडणीतच मिळतं. तरीही तीन वर्षांपूर्वी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं गेट तुंबलं. गेटवरच्या काकांचा फोन आला, "ताई, एंटर मारलं की घड्याळाचं चिन्ह येऊन बसतंय, बाहेर गाडीवाले ओरडतायत." एरवी एका सेकंदाच्या आत येणारा पडदा दहा-बारा सेकंद घेत होता. मी चालू जॉबांची यादी उघडून प्रोसेसरच्या टक्क्यांप्रमाणे लावली. माझा सगळा संशय कॉस्टिंगवर होता, पण ते बिचारं ५० वर गप्प पडून होतं. सर्वात वर होता क्यूझेडडीएएसओइनिट नावाचा जॉब, प्राधान्य २०.

हे नाव या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. बाहेरून ओडीबीसीने, म्हणजे दुसऱ्या संगणकातून डेटाबेसला जोडायच्या सोयीने, जोडलेला एक्सेल किंवा रिपोर्टचं सॉफ्टवेअर या नावाच्या जॉबमधून काम करतं आणि मूळ मांडणीत त्याला गेटच्या पडद्याइतकंच, म्हणजे २० प्राधान्य असतं. त्या दिवशी हिशेब विभागात कुणीतरी बागायतदारांच्या चार वर्षांच्या खतावणीची शीट रिफ्रेश केली होती. काम बॅचचं, पण आत आलं ते पडद्याच्या आकड्यावर. यंत्राने दोघांना सारखं वागवलं. मी त्या जॉबचं प्राधान्य तिथल्या तिथे ५० केलं. काकांना फोन लावेपर्यंत पावत्या सुटायला लागल्या होत्या.

कायमचा उपाय करायला मात्र पावसाळा उजाडला. त्या सगळ्या जॉबांचं प्राधान्यच कमी करावं असं आधी वाटलं, पण आमच्या दुसऱ्या गेटवरचा टॅबलेटही त्याच दारातून आत येतो, तोही मागे पडला असता. शेवटी वापरकर्त्याच्या नावावरून वाट वेगळी केली. हिशेब विभागाची कनेक्शनं आता एका वेगळ्या सबसिस्टिममध्ये, म्हणजे जॉबांसाठीच्या वेगळ्या कप्प्यात, जातात आणि ५० वर चालतात, टॅबलेट २० वरच राहिला. यासाठी यंत्रात तयार प्रोसीजर आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागलं नाही. आकडे बदलताना एक ध्यानात ठेवा : जवळजवळचे आकडे एका गटात धरले जातात. ४७ ते ५१ हा एक गट आहे, त्यामुळे ५० चा ४८ करून हाती काही लागत नाही.

मेमरीकडे मी उशिरा वळले, आणि निम्मं दुखणं तिथेच होतं. पडद्याच्या जॉबांचा मेमरी पूल, म्हणजे मेमरीचा वाटा, वेगळा असतो, बॅच ‘बेस’ नावाच्या पूलमध्ये चालतं, आणि यंत्र गरजेप्रमाणे आपोआप मेमरी इकडून तिकडे सरकवतं. एरवी सोय चांगली आहे. पण रात्रभर कॉस्टिंग चाललं की मेमरी त्याच्याकडे गेलेली असते, आणि सकाळी सातला पहिली गाडी येते तेव्हा पडद्याचा डेटा डिस्कवरून परत आणावा लागतो. प्राधान्य २० असलं तरी डिस्कची वाट बघणं चुकत नाही. मी पडद्याच्या पुलासाठी किमान तीस टक्के राखून ठेवले. त्यानंतर सकाळचा तो रखडा गेला.

रांगेचंही सांगते. बॅच जॉबांची मूळ रांग एका वेळी एकच जॉब सोडते. बागायतदारांच्या पैशांची बँकेला जाणारी फाइल दोन मिनिटांची, पण ती दोन तासांच्या कॉस्टिंगमागे अडकली की बँकेची वेळ टळते आणि माणसाचे पैसे एक दिवस लांबतात. मेमध्ये मजुरांची आठवड्याची मजुरी त्याच पैशांतून जाते, त्यामुळे तो एक दिवस लहान नसतो. मी छोट्या कामांची वेगळी रांग केली. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं. ते आमच्याकडे यंत्र बसवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी करून द्यायला हवं होतं. त्यांनी सगळं मूळ मांडणीवर सोडलं आणि देखभालीचं बिल मात्र दरवर्षी न चुकता पाठवलं.

घ्यावं का? यंत्र आणि परवाने महाग आहेत, आणि ते जाणणारं माणूस रत्नागिरीत सहज मिळत नाही. कामाचं भान असलेलं कोणी कारखान्यातच असेल आणि शिकायला तयार असेल, तरच घ्या. ऑफिसात पाच जण बिलं करतात एवढंच काम असेल तर साधा सर्व्हर पुरे. पण गेट, काटा, गोदाम, हिशेब आणि रात्रीचं कॉस्टिंग एकाच पेटीवर चालवायचं असेल, तर मी पुन्हा हेच निवडेन. गेल्या मेमध्ये दुपारी पाच वाजता, ऐन गर्दीत, मी मुद्दाम कॉस्टिंग चालू करून गेटवर जाऊन उभी राहिले. काटा स्थिर झाला, काकांनी वजन टाकलं आणि त्यांनी हात उचलायच्या आत प्रिंटर वाजला. गोळपच्या बागायतदाराने पावती घडी घालून खिशात ठेवली आणि गाडी आत घेतली.