असेम्बल्ड पीसी: अपडेट आपोआप की हाताने?

आपोआप अपडेटची खरी कमाई म्हणजे वेळ. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा पॅच (विंडोजमधल्या त्रुटी बुजवणारे अपडेट) सोडते. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला, तेव्हा विंडोजचा पॅच मार्चमध्येच आला होता. तो टाकायचा राहिलेली असंख्य मशिन्स अडकली.

हाताने टाकलं तर ताबा आपल्याकडे राहतो: आधी बॅकअप, रिस्टोर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत नेण्याची सोय), मग अपडेट. ग्राफिक्स कार्डाच्या नीट चालणाऱ्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) विंडोज कधी दुसरंच व्हर्जन चढवतं, हा त्रासही खरा. पण 'पॉज' केलेलं अपडेट विसरलं जातं आणि तिथेच घात होतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सुरक्षा पॅच आपोआप, ड्रायव्हर तेवढे हाताने. मदरबोर्डचं बायोस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) मात्र बहुतेकदा स्वतःच, कंपनीच्या साइटवरून, नेमकं मॉडेल पाहून अपडेट करावं लागतं.