पाठिंबा की पडताळणी?

महापालिकेच्या निवडणुकीत वर्तमानपत्रानं काय करावं? एक मार्ग म्हणजे अग्रलेखात उघड सांगावं, या प्रभागात अमक्याला मत द्या, कारणं ही. अमेरिकेत ही रीत जुनी. तरी न्यूयॉर्क टाइम्सनं २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या निवडणुकांपुरती ती सोडली. उघड भूमिकेत प्रामाणिकपणा आहे, हे मान्य. पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातीपेक्षा ती कितीतरी बरी.

दुसरा मार्ग म्हणजे उमेदवारांची शपथपत्रं आणि उत्तरं शेजारीशेजारी छापणं. मला हाच पटतो. कोल्हापुरात २०१५ ला ८१ प्रभाग होते. एवढ्या उमेदवारांना संपादक जवळून ओळखणार कसे? पेठेत तालमीचा शब्द चालतो, भावकी चालते. त्यात पेपरनं आणखी एक शिक्का मारून काय साधणार? त्यापेक्षा एक चौकट द्या: मालमत्ता किती, गुन्हे किती, काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाईपलाईनचं पाणी आमच्या गल्लीत पुऱ्या दाबानं कधी, पंचगंगेत मिसळणाऱ्या नाल्यांचं काय करणार.

मागच्या वेळी आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर अशी चौकट कापून चिकटवली होती. दूध घालून परतणारे एक मामा बोट ठेवून एकेक रकाना वाचत होते. "ह्यो नाल्यावर कायच बोललेला न्हाई," म्हणाले, आणि पुढच्या नावाकडं वळले.