एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकांसाठी न्यू जर्सीतला क्लब: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सध्या चवथीला गोव्यात डिचोलीत आलेय आणि नात्यातल्या, शेजारच्या ज्यांच्या ज्यांच्या मुली नाहीतर सुना अमेरिकेला निघाल्यात त्या सगळ्या एकच विचारतात, तिकडे तुमचा तो बायकांचा क्लब आहे ना, त्यात घालायचं का हिला? प्रत्येकीला तोंडी सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून इथे सगळं लिहितेय. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्यातल्या काही जणी घरी न सांगता येतात आणि मेंबर होताना पहिली अट हीच असते की कोण येतं, कुठे भेटतो हे बाहेर जाता कामा नये. खरंच जाणार असाल तर मेसेज करा, सांगते.

एडिसनच्या बाजूला शनिवारी भेटतो, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. वर्षाची फी आहे पण ज्यांच्याकडे स्वतःचे पैसे नाहीत त्यांना माफ, आणि ते मागायला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत, फॉर्मवर नुसती टिक करायची. गुजराती आणि तेलुगू बायका सगळ्यात जास्त, मराठी थोड्या, गोव्याच्या तर अगदीच मोजक्या. हळदीकुंकू, दिवाळी, गरबा हे सगळं होतं, छान होतं, पण त्यासाठी हा क्लब लागत नाही, तिकडे मंडळं आहेत, देवळं आहेत. मला हा क्लब आवडला तो कागदांसाठी. म्हणजे नवऱ्याच्या फाईलमधून आपला कागद बाहेर काढून आपल्या हातात द्यायला शिकवतात त्यासाठी.

एच-४ म्हणजे काय ते इथे बऱ्याच जणींना निघेपर्यंत नीट माहीत नसतं. नवऱ्याचा एच-१बी, म्हणजे तिकडच्या नोकरीचा व्हिसा, आहे म्हणून तुम्हाला तिथे राहता येतं, त्याचं गेलं की तुमचं गेलं. वर्क परमिट नसेल तर नोकरी करता येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही, आणि तिकडे बँकेपासून फोनच्या प्लॅनपर्यंत जो तो आधी तोच नंबर विचारतो. बी.कॉम., बी.एड. करून, इथे चांगली दहा वर्षं नोकरी करून गेलेली बाई तिकडे कुठल्याच कागदावर दिसत नाही. आणि हे कोणी वाईट वागतंय म्हणून होत नाही, नवरा चांगला असला तरी होतं.

पहिल्याच मीटिंगमध्ये आय-९४ काढायला लावलं. हा कागद कोणी हातात देत नाही, सरकारी वेबसाईटवरून आपणच डाउनलोड करायचा, आणि तुम्ही कधीपर्यंत राहू शकता ते व्हिसाच्या स्टॅम्पवरून ठरत नाही, याच्यावरच्या तारखेवरून ठरतं. नवऱ्याची तारीख वेगळी असू शकते, तुमची वेगळी. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर विमानतळावरचा ऑफिसर साधारण तिथपर्यंतचीच तारीख देतो. आमच्यात एकीचं अगदी हेच झालेलं, नवऱ्याची तारीख पुढची, तिची कितीतरी आधीची आणि घरात कोणाच्या लक्षातच नाही कारण नवऱ्याच्या कंपनीचा वकील नवऱ्याचीच फाईल बघतो. मीटिंगमध्ये तिने फोनवर उघडलं आणि सगळ्या गप्प झाल्या. तारखेला वेळ होता म्हणून निभावलं, मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी क्लबला पूर्ण मार्क देईन.

त्यानंतर आयटीआयएन, म्हणजे टॅक्ससाठीचा नऊ आकडी नंबर, तो नवऱ्याबरोबरच्या जॉइंट टॅक्स रिटर्नला फॉर्म जोडून मिळतो. मग बँक खात्यात नाव, मग ड्रायव्हिंग लायसन्स. न्यू जर्सीची लेखी परीक्षा ५० प्रश्नांची, ४० बरोबर यायला हवेत, आणि क्लबमधल्या जुन्या बायका सराव असा करून घेतात की नापास व्हायची भीतीच राहत नाही. गाडी शिकवायला पण त्याच येतात. डिचोली-पणजी स्कूटर मारणारी बाई तिकडे दूध आणायलासुद्धा नवऱ्याची वाट बघत बसते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल की त्या लायसन्सची किंमत काय.

नोकरीबद्दल खोट्या आशा दाखवत नाहीत हे पण आवडलं. एच-४ वाल्यांना वर्क परमिट २०१५ पासून मिळायला लागलं पण सगळ्यांना नाही, नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झालेला असला किंवा ग्रीन कार्डच्या अर्जामुळे एच-१बी नेहमीच्या सहा वर्षांपुढे वाढवलेला असला तरच. तोपर्यंत काय, तर शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. क्लबच्या सांगण्यावरून मी कम्युनिटी कॉलेजला अकाउंटिंग घेतलंय. नवऱ्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं, किंवा आय-९४ आधी संपत असेल तर तिथपर्यंतच, हे पण स्पष्ट सांगतात आणि त्या दिवसांत काय काय करता येतं ते आधीच लिहून ठेवायला लावतात.

आता जे इथल्या आयांना विचारायचं असतं पण तोंडातून निघत नाही ते. मारहाण होत असेल तर काय? क्लब स्वतः त्यात पडत नाही, आणि ते बरोबरच आहे, ते शिकलेल्या माणसांचं काम आहे. ते मानवीकडे पाठवतात. मानवी १९८५ पासून न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, अमेरिकेतली या प्रकारची पहिली संस्था. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, एच-१बी वाल्या नवऱ्याकडून छळ झालेल्या एच-४ बाईला स्वतःच्या नावावर वर्क परमिट मागता येतं, आय-७६५व्ही नावाचा वेगळा फॉर्म आहे, अटी आहेत पण वाट आहे. ‘तक्रार केलीस तर उद्या परत पाठवतील’ ही धमकी किती जणींना दिली जाते ते ऐकलं की रक्त उसळतं. इकडून काही करायचं तर राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय सेल आहे, २००९ पासून.

आपल्या गोव्याच्या बायकांसाठी एक वेगळं सांगते. आपल्याकडे लग्न रजिस्ट्रारकडे नोंदवलं आणि आधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, बायकोच्या सहीशिवाय नवरा घर-जमीन विकू शकत नाही, आयकरातसुद्धा पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं धरतात. न्यू जर्सीत तसं नाही, तिथे घटस्फोटात कोर्ट न्याय्य वाटेल तशी वाटणी करतं, अर्धं मिळेलच असं नाही. क्लबमध्ये बोलायला आलेल्या वकीलबाईंना गोव्याचा कायदा माहीतच नव्हता, मी सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं आणि बाकीच्या बायका, खास करून महाराष्ट्रातल्या, अर्धा तास मलाच प्रश्न विचारत होत्या. आपल्याला घरबसल्या काय मिळालंय ते तिथे बसून जाणवलं.

खटकलं ते पण लिहिते. महिन्यातून एकदा कोणीतरी मोटिव्हेशनल बोलायला बोलावतात, आत्मविश्वास, स्वतःवर प्रेम करा वगैरे, मला त्याचा शून्य उपयोग झाला, त्या वेळात दहा जणींचे फॉर्म भरून झाले असते. काही मेंबर इन्शुरन्स आणि कसल्या कसल्या स्कीम विकायला येतात, अ‍ॅडमिनना सांगूनही फार उशिरा थांबवतात, आणि ज्या बाईच्या हातात पहिल्यांदाच पैसे आलेत तिला हे लोक आधी गाठतात म्हणून याचा मला खरंच राग आहे. मीटिंगच्या जागी बस जात नाही. म्हणजे जिला गाडी येत नाही, जिला सगळ्यात जास्त गरज आहे, तीच येऊ शकत नाही! लिफ्टची यादी केलीय पण ती यादी चालवणाऱ्या दोघी-तिघीच आहेत. लहान मुलं सांभाळायची सोय कधी असते कधी नसते.

भारतात असतानाच जोडता येतं हे मात्र खूप चांगलं, निघायच्या आधीच्या मुलींसाठी आपल्या संध्याकाळी ऑनलाइन कॉल असतो. त्यात सांगतात ते इथेच करून जा: पासपोर्टची मुदत कमी असेल तर पणजीतूनच नवा करून घ्या, लग्न नोंदवायला आपल्याकडे रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते, त्या दोन्ही सह्या झाल्यात ना बघा, नुसतं देवळातलं लग्न कागदावर चालत नाही, आणि गोवा युनिव्हर्सिटीचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार मार्कांचे अधिकृत कागद, काढून ठेवा, तिकडून मागवताना फार त्रास होतो. सगळ्याच्या स्कॅन कॉपी स्वतःच्या ईमेलवर, नवऱ्याच्या नाही.

आणि ज्या एल-२ वर, म्हणजे कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्या नवऱ्याबरोबरच्या व्हिसावर, जाताहेत त्या पण विचारतात म्हणून, तुम्हाला क्लबचा उपयोग आहे पण वर्क परमिटच्या भागाचा नाही. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वाल्या बायकांना कामासाठी वेगळं परमिट लागत नाही, आय-९४ वर एल-२एस लिहिलंय का तेवढं उतरल्याबरोबर बघा.