सील घ्यायचा की कोशाचा पतंग? प्रोजेक्टवाल्यांसाठी

भाचीला नववीच्या प्रोजेक्टसाठी एक प्राणी निवडायचाय, त्याचं वर्गीकरण आणि तो किती धोक्यात आहे ते लिहायचं, आणि पोरगी दोन दिवसांपासून सील की पतंग याच्यातच अडकून राहिली. तिच्यासाठी शोधलं ते इथं टाकतो, बाकीच्यांनाही कामी पडेल.

दोघं एकत्र चालतात ते फक्त प्राणीसृष्टीपर्यंत. पुढे सील कणाधारी, सस्तन, मांसभक्षक गणातला, कुळ फोसिडी. आपल्याकडे सर्रास सील मासा म्हणतात ते साफ चूक आहे, तो कुत्र्या-अस्वलाच्या नात्यातला. आधी सील, सी लायन, वॉलरस यांचा वेगळा गण धरायचे, आता मांसभक्षकांतच घेतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातून उतरवू नका. पतंग संधिपाद (सांधे असलेल्या पायांचा), कीटक वर्ग, लेपिडोप्टेरा गण. फुलपाखरंही याच गणात, खरं तर पतंगांच्याच वंशवृक्षाची ती एक फांदी.

आता मेन गोष्ट. नुसतं सील किंवा पतंग लिहून चालत नाही, कारण धोक्याचा दर्जा प्रजातीला मिळतो. कॅरिबियन मंक सील शेवटचा 1952 मध्ये दिसला, 2008 मध्ये नामशेष जाहीर झाला. त्याचाच नातलग भूमध्य मंक सील, तेला-कातड्यासाठी मारला, जाळी फाडतो म्हणून कोळ्यांनी मारला, 1997 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वसाहतीत साथीसारखे मेले, आणि तरी संरक्षणामुळे सावरतोय, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत 2015 ला संकटग्रस्त होता, 2023 ला असुरक्षित या त्याहून कमी धोक्याच्या दर्जावर आला. हे वाचून मला खरंच भरून आलं.

पतंगांच्या दीड लाखावर प्रजाती, आणि बहुतेकांचं कोणी मूल्यांकनच केलं नाही. ते धोक्यात नाहीत असा अर्थ काढू नका, इथंच सगळी पोरं चुकतात.

एकच रविवार हातात असेल तर सील घ्या, माहिती आयती मिळते. पण वेळ असेल तर मी टसर रेशमाचा पतंग म्हणेन, अँथेरिया मायलिटा, कुळ सॅटर्निडी. भंडारा, गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडावर हाच कोसा (टसर रेशीम) पिकतो, हिरवी अळी, कोश, तळहाताहून मोठा पतंग, सगळं डोळ्यानं बघता येतं. पतंग झाल्यावर तो काहीच खात नाही, जोडी, अंडी, आणि थोड्याच दिवसांत खलास. नागपुरातून एका दिवसात जाऊन येणं होते, कोसा पाळणाऱ्यांना आधी फोन करून मात्र जा, अळ्या झाडावर असतात तेव्हा ते दिवसभर पाखरं हाकलण्यात गुंतलेले असतात.